जुलैमधील ब्रिटन: कपडे कोणते न्यावेत?

प्रश्न: आईबाबा जुलैमध्ये आमच्याकडे लंडनला येत असून त्यांना लेक डिस्ट्रिक्ट (वायव्य इंग्लंडमधला डोंगराळ भाग) आणि स्कॉटलंडमधील एडिनबराही दाखवायचे आहे. एवढ्याशा देशात, एकाच महिन्यात, हवामान खरोखर इतके बदलते का?

उत्तर १: बदलते. अटलांटिकवरून येणारे दमट नैर्ऋत्य वारे पश्चिमेकडील डोंगरांवर पाऊस पाडून पूर्वेकडे कोरडे होऊन जातात; आपल्या घाटमाथ्याचा न्याय तिथेही लागू आहे. लेक डिस्ट्रिक्टमधील सीथवेटला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील केंब्रिजला जेमतेम साडेपाचशे. रेनकोट हवाच, तिथल्या वाऱ्यात छत्री उलटी होते.

उत्तर २: उकाड्यालाही कमी लेखू नये. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधील कोनिंग्जबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. लंडनमधील बहुतेक घरांत एसी नसतो, तेव्हा टेबल फॅन आधीच घेऊन ठेवावा.

उत्तर ३: पूर्व किनाऱ्यावरच्या एडिनबराचे गणित मात्र निराळे आहे. उत्तर समुद्राच्या थंड पाण्यावर साचलेले धुके पूर्वेच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर सरकते, आणि मग पश्चिमेकडील ग्लासगोत लख्ख ऊन असतानाही इथे भर दुपारी स्वेटर चढवावा लागतो.