मदत हवी आहे: बोया आणि कडी लावूनही नांगर वर येत नाही

गरीवाला
शनिवारी पहाटे परत जायचंय, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं. दोरात कडी ओवून, कडीला बोया बांधून नांगर काढायची पद्धत मी आतापर्यंत दोनदा करून बघितली. होडी पुढे घेतली की बोया मागे मागे जातो, पाण्याखाली दबतो आणि थोड्या वेळाने परत वर येतो. नांगर सुटला असं समजून मी मशीन न्यूट्रलला टाकतो आणि दोर ओढायला घेतो, तर वजन सरळ तळातूनच! नांगर पुन्हा खाली. जसं दाखवतात अगदी तसंच केलंय. काय चुकतंय?

खाडीकाठ
होडी किती फुटी, मशीन किती एचपीचं, पाणी किती, नांगर कसला, खाली रेती की खडप (खडकाळ तळ)? यातलं काहीच लिहिलं नाहीत. बोया केवढा आहे?

गरीवाला
१८ फुटी फायबर, १५ एचपी. पाणी ९-१० वाव (साधारण ५५-६० फूट). नांगर चार दातांचा, गावातल्या वेल्डरकडून करून घेतलेला, ७ किलो. खाली रेती, मधेमधे खडप. बोया नारिंगी, फुगवायचा, साधारण ४० सेंटिमीटरचा. पण बोया वर येतोय म्हणजे नांगर सुटतोय, एवढं तरी नक्की ना? मग पुढे काय होतं, ते सांगा.

सागरवेडा
विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) बसवा. मी १२ व्होल्टची बसवली आणि कंबरदुखी गेली. बटण दाबा, नांगर वर. बोये, कड्या असल्या खटाटोपाची गरजच नाही.

माडाखाली
१८ फुटी होडीत विंच, बॅटरी, वायरिंग? खाऱ्या पाण्यात ती टर्मिनलं किती दिवस टिकतील? आणि नांगर खडपात अडकला तर विंच होडीची नाळच (पुढचं टोक) खाली ओढते. त्यापेक्षा उलटा दोर बांधा. नांगराच्या बुडाला, म्हणजे जिथे चारही दात एकत्र येतात तिथे, वेगळा बारीक दोर आणि त्याच्या वरच्या टोकाला छोटा बोया. काढताना तो बोया उचलायचा आणि नांगर उलट्या बाजूने ओढायचा. आमच्या होडीवर वर्षानुवर्षं हेच चाललंय.

खाडीकाठ
उलटा दोर नांगर सोडवायला उत्तम, पण ७ किलो वर ओढायचे ते हातानेच. यांचा प्रश्न तो नाहीये. शिवाय तो छोटा बोया बघून कोणीतरी जाळ्याचा समजून उचलतं, नाहीतर दुसऱ्या होडीच्या पंख्यात जातो. माझा असा एक गेलाय.

माडाखाली
भर वाटेत नांगर टाकला तर जाणारच. आम्ही कडेला टाकतो.

जुना_तांडेल
दोर खय बांधतंस रे, नाळीक की मागे? ता आधी सांग.

गरीवाला
मागे, मशीनच्या शेजारच्या खुंटाला. पुढे बांधला तर होडी पुढे जाताना दोर पंख्यात येईल, अशी भीती वाटते.

जुना_तांडेल
आजपासून बंद कर. सगळ्यांना कळावं म्हणून नीट लिहितो. होडीचा मागचा भाग पाण्यापासून सगळ्यात कमी उंच, आणि मशीनचं वजनही तिथेच. दोर मागे बांधलास आणि नांगर खडपात रुतून बसलेला असला, तर मशीनच्या जोराने मागची फळी खाली दबते. त्यात मागून एक लाट आली की पाणी सरळ आत. पाणी आलं की मागचा भाग आणखी जड होतो आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा सोपी शिरते. दोर कापायलाही वेळ मिळत नाही. मी एक होडी अशी बुडताना पाहिलीय. माणसं वाचली, कारण जवळ दुसरी होडी होती.

दोर नाळीच्या खुंटाला बांध. पाण्याची ओढ जिकडून येते तिकडे तोंड कर आणि नांगराच्या सरळ डोक्यावरून न जाता तिरका, साधारण ४५ अंशांत पुढे जा. म्हणजे दोर एका बाजूने होडीपासून लांब राहील. त्या बाजूला कधीही वळायचं नाही. एकाने फक्त दोर आणि बोया बघत बसायचं, तो ओरडला की मशीन न्यूट्रल. कोयता हाताशी ठेव, डब्यात नको.

लाटांवर
मालवणला असाल तर एक विनंती. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे तळाशी प्रवाळ आहे. दाताचा नांगर प्रवाळावर टाकला किंवा फरफटत नेला तर फांद्या मोडतात, आणि त्या परत वाढायला वर्षं जातात. कृपया रेतीचा पट्टा बघूनच नांगर टाका.

गरीवाला
आम्ही आचऱ्याला असतो, किल्ल्याच्या बाजूला जात नाही. पण पटलं, रेतीवरच टाकीन.
तांडेल काका, शनिवारी दोर पुढे बांधतो. मागे बांधण्यात एवढा धोका असेल असं मनातही आलं नव्हतं. होडीत माझ्याबरोबर बाबा असतात, ६८ वर्षांचे. नांगर तेच ओढायचे, गेल्या महिन्यात त्यांची कंबर धरली, म्हणूनच हे सगळं चाललंय. पण नांगर परत खाली का जातो, हे अजून कोणीच सांगितलं नाही.

दर्यापार
तांबोशी मासा धरायला जात असाल तर अष्टमीच्या भांगाला जा, तेव्हा भरती-ओहोटीचा जोर कमी असतो. उधाणाला ओढ इतकी असते की गर (गळ) तळाला टेकतच नाही. आमिष म्हणून माकूल (स्क्विड) लावा.

खाडीकाठ
नांगराला चेन किती फूट लावलीय?

गरीवाला
चेन नाही. इथे छोट्या होडीला कोणी लावत नाही. दोर सरळ नांगराच्या कडीला.

खाडीकाठ
हेच ते! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

तुमचा बोया ३३ लिटरच्या आसपासचा, म्हणजे ३० किलो सहज तोलेल. ७ किलो लोखंड पाण्यात ६ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे बोया कमी पडत नाही. होडी पुढे जाते तेव्हा दोर कडीतून सरकत राहतो आणि कडी नांगरापर्यंत पोचते. बोया नांगराला वर आणतो, तुम्ही बघता तो हाच क्षण. तोपर्यंत नांगर कडीशी टेकून असतो, कारण होडी दोर ताणून धरते. तुम्ही न्यूट्रल केलंत की ताण गेला. आता कडीच्या एका बाजूला ७ किलोचा नांगर आणि दुसऱ्या बाजूला हलका नायलॉन दोर. नांगर दोर ओढून घेत परत तळाला जाणारच.

चेन असली की ती नांगराच्या आधी कडीतून पलीकडे जाते आणि पलीकडच्या बाजूला लोंबते. मग दोन्ही बाजूंना वजन होतं, नांगराचा दांडा कडीत अडकतो आणि मशीन बंद केलं तरी तो बोयाखाली टांगलेला राहतो. ८ मिलिमीटरची चेन मीटरला साधारण १.४ किलो भरते. ५ मीटर घ्या, म्हणजे ती नांगराइतकी जड होईल. जस्त चढवलेली घ्या. कडीचा आतला व्यास किती?

गरीवाला
मोजला. ६ सेंटिमीटर.

खाडीकाठ
कमी आहे, शॅकल (चेन नांगराला जोडायचा लोखंडी आकडा) अडकेल. १० ची घ्या, जोडाची वेल्डिंग आतून घासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर दोर कापेल. चेन, शॅकल आणि दांड्याचा वरचा भाग पार व्हायला हवा, दात नाही. हे घरी अंगणात हाताने ओढून बघा.

माडाखाली
चेन लावणार असाल तर उलट्या दोराचाच एक प्रकार करता येईल. चेन बुडाला शॅकलने जोडा आणि दांड्याच्या टोकाला फक्त सुतळीने बांधा. खडपात अडकला तर जोर लावल्यावर सुतळी तुटते आणि नांगर बुडाकडून निघतो. कडीची पद्धत चांगली आहे हे मान्य, पण अडकलेल्या नांगरावर मशीनचा जोर लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

खाडीकाठ
हे मात्र खरं. सुतळी तुटली तर नांगर कडीत उलटा येईल, दात पुढे. तेव्हा तो कडीत बसणार नाही, हाताने ओढावा लागेल. पण हातातून जाणार नाही.

जुना_तांडेल
सुतळी दर फेरीत नवी.

गरीवाला
(रविवार) शनिवारी चेन मिळाली नाही, म्हणून आज गेलो. चेन ५ मीटर, कडी १० ची, दोर नाळीला. पहिल्यांदा मी फार हळू गेलो, बोया नुसता बाजूला तरंगत राहिला. दुसऱ्यांदा थोडा जोर दिला. बाबा नाळीवर बसून बोयाकडे बघत होते. बोया दबला, दिसेनासा झाला आणि उसळून वर आला. न्यूट्रल केलं. या वेळी दोर ओढताना बोयासकट सगळं पाण्यावरूनच सरकत आलं. बोयाखाली नांगर, दांडा कडीत आडवा, चेन दुसऱ्या बाजूला लोंबतेय, दातांना चिखल. बाबांनी एका हाताने कडी धरली आणि नांगर आत घेतला. त्यांनी तो एका हाताने घेतला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

दोर पंख्यापासून हातभर लांब होता, एकदा जवळ आला तेव्हा बाबा ओरडले. अजून थोडा तिरका जाईन.

खाडीकाठ, तांडेल काका, खूप आभार. माडाखाली, सुतळीचं पुढच्या फेरीत करतोय.

दर्यापार
तांबोशी लागली का?

गरीवाला
दोन. आणि एक गोबरा मासा.

जुना_तांडेल
बाबांका नमस्कार सांग. कोयतो खय ठेवलेलो?

गरीवाला
बाबांच्या पायाशी, काका.