आधी आर-टू सोडा, मग गेमला नावं ठेवा

मधली_फळी:
काल इथेच एका महाशयांनी लिहिलं, की पीईएस 6 या जुन्या व्हिडिओ गेमनंतर फुटबॉलचा खरा गेम झालाच नाही, आताच्या ईए एफसीमध्ये (म्हणजे पूर्वीच्या फिफामध्ये) नुसती पळापळ. आणि त्याच पोस्टच्या शेवटी नवख्यांना टिप काय, तर 'दोन्ही विंगर वेगवान घ्या, आर-टू (स्प्रिंटचं बटण) दाबून ठेवा, बाकी काही बघू नका'. डोकंच फिरलं, म्हणून हे लांबण लावतोय. स्वतः पळापळ करायची आणि वर पळापळ आहे म्हणून गळा काढायचा!

घामाचे थेंब आणि जाळीची थरथर म्हणजे खरेपणा नव्हे. खऱ्या फुटबॉलमध्ये चुका होतात. पास थोडा मागे पडतो, पहिला टच लांब जातो, गोलकडे पाठ असलेल्याला वळायला वेळ लागतो. 2022 च्या वर्ल्डकपात 64 मॅचमध्ये 172 गोल झाले, म्हणजे मॅचला सरासरी तीनही नाहीत. तुमच्याकडे सहा मिनिटांच्या हाफमध्ये 5-4 लागतो, कारण पासिंग पूर्ण असिस्टेड. बटण दाबलं की चेंडू पायात. ऑफलाइन खेळत असाल तर हाफ दहा मिनिटांचा करा, पासिंग सेमीवर (निम्म्या मदतीवर) टाका, सेटिंगमधल्या स्लायडरमध्ये दोन्ही बाजूंचा पास एरर 50 वरून 58 च्या आसपास न्या, स्प्रिंट 46 वर आणा. सुरुवातीला मला शिव्या घालाल. मग आपल्या टीमला मिडफिल्डसुद्धा आहे हे लक्षात येईल.

राहता राहिला आर-टू. स्प्रिंट करताना चेंडू पायापासून लांब जातो आणि वळण मोठं होतं, तेव्हा बॉक्सजवळ आलात की बोट उचला. बचावातही तेच. फिफा 12 मध्ये टॅक्टिकल डिफेंडिंग (चेंडू हिसकावायची वेळ स्वतः साधायची) आलं, त्याला किती काळ लोटला, तरी लोक अजून सेंटरबॅक घेऊन चेंडूमागे धावतात आणि मागचं मैदान मोकळं सोडतात. एल-टू धरून तोंड चेंडूकडे ठेवा, मागे सरका. आडवं जायचं काम डिफेन्सिव्ह मिडफिल्डरचं.

लंडन_एफसी:
महाशय हजर आहेत. टिप नवख्यांसाठी होती, तुम्ही अंगाला का लावून घेतलीत? पीईएस 6 मध्ये खेळाडूला वजन होतं. अंग आडवं घालून चेंडू झाकता यायचा. क्लबचं खरं नाव वापरायचं लायसन्स नव्हतं, चेल्सीचं नाव 'लंडन एफसी' होतं, तरी समोर चेल्सीच आहे हे हाताला कळायचं. सदाशिव पेठेतल्या एका गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे भरून शिकलोय आम्ही. हरेल तो उठणार, जिंकेल तो बसणार. मालक पाच मिनिटांच्या वर मॅच लावू द्यायचा नाही आणि त्या पाच मिनिटांतही 1-0 लागायचा. कुठले स्लायडर नि कुठलं काय.

दहा_नंबर:
आणि तो एक गोल इंटरच्या अ‍ॅड्रियानोने लांबून डाव्या पायाने हाणलेला असायचा. शॉट पॉवर 99. फारच खरं हो काका! माझा दादा सांगतो, त्याच्या ग्रुपमध्ये इंटर घ्यायलाच बंदी होती.

मधली_फळी यांना: स्लायडर हे ऑफलाइनवाल्यांचे लाड आहेत. ऑनलाइन समोरचा पोरगा स्प्रिंट 46 वर ठेवून माझी वाट बघत बसत नाही. बायलाइनपर्यंत (गोलच्या रेषेपर्यंत) जायचं, मागे कटबॅक द्यायचा, पहिल्या टचला गोल. कंटाळवाणं आहे, माहितेय. रँक वाढतेय ना, बास. आणि 88 व्या मिनिटाला माझा सेंटरबॅक चेंडू सोडून भलतीकडेच बघतो, तो कुठला खरेपणा? स्क्रिप्टिंग आहे, निकाल गेमच ठरवतो. सगळ्यांना ठाऊक आहे.

मधली_फळी:
सगळ्यांना ठाऊक होतं म्हणूनच 2020 मध्ये कॅलिफोर्नियात खटला झाला, गेम गुपचूप अवघड-सोपा होतो म्हणून. गेम बनवणाऱ्या ईएने सांगितलं की अल्टिमेट टीम या ऑनलाइन मोडमध्ये असलं काही वापरत नाही, तांत्रिक माहिती दिली, इंजिनिअरांशी बोलायची सोय केली. 2021 मध्ये फिर्यादींनीच खटला मागे घेतला. 88 व्या मिनिटाला तुझा सेंटरबॅक दमलेला असतो, कारण पहिल्या मिनिटापासून तू त्यालाच पळवतोयस. नाचता येईना...

दहा_नंबर:
कंपनीने वकीलपत्र दिलंय का तुम्हाला? वापरायचंच नव्हतं तर गेम अवघड-सोपा करायचं पेटंट कशाला घेतलं, फ्रेम करून लावायला?

किपर_सिंहगड_रोड:
सगळे 'खरं खरं' करताय, शेवटचं मैदानात कोण कधी उतरलं होतं? आमचा ऑफिसचा ग्रुप रविवारी वडगावला टर्फ घेतो आणि गोलमध्ये मी असते. दुसरा गोल खाईपर्यंत निम्मी टीम कमरेवर हात ठेवून उभी. मागे या म्हटलं की 'तू बघ गं!' गेममध्ये मात्र अकराच्या अकरा जण शेवटपर्यंत शिस्तीत आपापल्या जागी परत येतात. तुमच्या पास एररपेक्षा हे मला जास्त खोटं वाटतं. टिपच द्यायची तर ही घ्या: समोरचा एकटा घुसला की घाबरून ट्रँगल दाबून किपरला पुढे पळवू नका. त्याला जागेवर राहू द्या, तुम्ही डिफेंडरने फटक्याची एक बाजू बंद करा.

आणि खरेपणाचा एवढा पुळका असेल तर पुण्याची टीम कुठंय ते सांगा. 2014 मध्ये फ्रान्सचा ट्रेझेगे आपल्या एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला. 2017-18 ला अल्फारो-मार्सेलिनो जोडीने सेमीफायनल दाखवली. 2019 मध्ये क्लबच गुंडाळला, आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) गेममध्ये आली फिफा 22 ला! मी करिअर मोडमध्ये हाताने नारंगी-जांभळा क्लब बनवून खेळते. त्याआधी पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला. या शहरात क्लब टिकत का नाही?

शाहू_स्टेडियम_स्टँड:
कारण पुण्यात बघणारं कोण हाय? आमच्या कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच असली की पायरीवर पाय ठेवायला जागा नसती. आयएसएल न्हाय, परदेशी स्टार न्हाय, पेठेची पोरं खेळत्यात आणि पेठ बघती. गेममधी घालायचंच असंल तर ते घाला. पुण्याचं क्लब म्हंजे पैसेवाल्यांनी आणलं, पैसेवाल्यांनी नेलं.

लंडन_एफसी:
आला कोल्हापूर! विषय कुठलाही असो. कॅम्पात आणि खडकीत पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल चालत आलाय, ते कुणी बघायला येत नाही म्हणून तो नाहीच का? नोकरीला पुणं आणि कौतुकाला कोल्हापूर.

शाहू_स्टेडियम_स्टँड:
नोकरी करतोय, फुकट खात न्हाय. खडकीची पोरं चांगली खेळत्यात, ते मान्य. पण सदाशिव पेठेत पाच मिनिटं कंट्रोलर दाबला म्हंजे फुटबॉल शिकला असं कुणी सांगू नये.

किपर_सिंहगड_रोड:
मी साधा प्रश्न विचारला होता. उत्तर सोडून सगळं मिळालं.

मधली_फळी:
दोघांनी व्यक्तिगत पातळीवरून खाली या. ऑनलाइनला माझी टिप चालत नाही, हा दहा_नंबरचा मुद्दा सोडून देतो, कारण खुद्द ईएनेच एफसी 26 मध्ये गेमप्लेचे दोन भाग केले, ऑथेंटिक आणि कॉम्पिटिटिव्ह. पीईएसवाल्या काकांनी ऑथेंटिकवर एक करिअर खेळावं. वजनाची तक्रार त्यानंतरही राहिली तर ऐकून घेईन.

लंडन_एफसी:
खेळतो. पण आवडला तर इथे येऊन सांगणार नाही.

दहा_नंबर:
रात्री तुमचे ते 58 आणि सेमी लावून बघितलं. पहिला हाफ 0-0, माझा एकही पास जागेवर जाईना, दोनदा कंट्रोलर गादीवर आपटला. दुसऱ्या हाफला मधला पोरगा घेऊन सावकाश खेळलो तेव्हा कुठे एक गोल झाला, तोही डिफ्लेक्शनने. आर-टू सोडल्यावर वळता येतं, एवढं खरं आहे तुमचं. बाकी असला खरेपणा तुम्हाला लखलाभ, मला रविवारी रँक वाढवायचीय.

शाहू_स्टेडियम_स्टँड:
इथं शिवाजी मंडळाचं कुणीच न्हाय काय? मघापासनं एकटाच बोलतोय.