शब्दचर्चा : 'सेपरेशन', 'क्लीनअप' आणि 'रिकव्हरी'

मसुदाकार :
मातीतली क्लोरीनयुक्त कीटकनाशके आणि पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) मोजण्याच्या कार्यपद्धतीचा मराठी मसुदा करतो आहे. 'एक्स्ट्रॅक्शन', 'क्लीनअप' आणि 'सेपरेशन' या तिन्हींसाठी 'विलगीकरण' लिहिले आहे. चालेल का? 'रिकव्हरी'ला 'पुनर्प्राप्ती' बरोबर वाटते का?

सॉक्सलेट :
तिन्हींना एकच शब्द नको. काय कशापासून वेगळे होते ते दर टप्प्याला निराळे असते.

पहिला टप्पा 'निष्कर्षण'. 10 ग्रॅम माती निर्जल सोडियम सल्फेटमध्ये भुरभुरीत होईपर्यंत कालवायची आणि सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हापुन्हा मातीतून फिरवणारे काचेचे उपकरण) हेक्झेन-ॲसिटोनच्या समप्रमाण मिश्रणाने 16 ते 24 तास, तासाला 4 ते 6 फेऱ्यांनी काढायची. गोळे राहिले तर द्रावक आतपर्यंत पोचत नाही आणि आकडा कमी येतो. हाती येतो तो 'अर्क'.

'क्लीनअप'ला 'अर्कशोधन' म्हणावेसे वाटते, पण पुढे 'शोधक' (डिटेक्टर) आणि 'शोधमर्यादा' (डिटेक्शन लिमिट) येतात. तिथे शोधणे म्हणजे हुडकणे, इथे शोधणे म्हणजे गाळून स्वच्छ करणे. एकाच पानावर दोन्ही अर्थ नकोत. 'अर्काची सफाई' लिहा, आणि सफाई कशाने केली तेही प्रत्येक वेळी लिहा. संहत सल्फ्युरिक आम्लाने तेलकट घाण जळून जाते, पीसीबी टिकतात, पण डायएल्ड्रिन आणि एन्ड्रिन ही कीटकनाशके नष्ट होतात. नुसते 'सफाई केली' एवढेच लिहिले तर अहवालातले 'डायएल्ड्रिन नाही' हे मातीबद्दल आहे की आम्लाबद्दल, ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

गंधकाची सफाई तांब्याच्या पुडीने होते. पूड विरल नायट्रिक आम्लाने चकचकीत करायची, पाण्याने, ॲसिटोनने, शेवटी हेक्झेनने धुवायची आणि अर्कात टाकून हलवायची. काळी पडली की गंधक होता. नवी पूड चमकती राहीपर्यंत पुन्हा टाकत राहायचे. हे अर्धवट सोडले तर इलेक्ट्रॉन कॅप्चर शोधकाच्या आलेखावर गंधकाचा मोठा फुगवटा येतो आणि सुरुवातीची शिखरे त्याखाली गाडली जातात.

गॅस क्रोमॅटोग्राफच्या स्तंभात, म्हणजे अर्कातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडणाऱ्या नळीत, होते ते 'विलगन'. 'विलगीकरण' म्हटले की लोकांना आता साथीतला रुग्ण आठवतो.

काटेतोल :
'शिखर' हा शब्द आवर्जून ठेवा. प्रयोगशाळेत सगळे 'पीक' म्हणतात, पण शेतजमिनीच्या अहवालात 'दुसऱ्या पिकाचे क्षेत्रफळ' हे शेताचे वाटते.

विलगन 'झाले' असेही सरसकट लिहू नका. पीसीबी एकूण 209, प्रत्येकाला क्रमांक. नेहमीच्या 5 टक्के फिनाइलच्या स्तंभावर 28 आणि 31 एकमेकांना चिकटून येतात, 138 आणि 163 एकाच शिखरात. तिथे '138 + 163' असेच लिहायचे. शिवाय हा शोधक पदार्थ ओळखत नाही. इलेक्ट्रॉन पकडणारे काहीही दाखवतो, प्लॅस्टिकमधून उतरलेले थॅलेटसुद्धा. म्हणून वेगळ्या ध्रुवीयतेच्या दुसऱ्या स्तंभावरही शिखर योग्य वेळेला आले तरच 'आढळले' म्हणावे.

'पुनर्प्राप्ती' नको. वापरलेला द्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवला, असा अर्थ निघतो. 'प्राप्ती टक्केवारी' लिहा. मातीत 100 नॅनोग्रॅम डेकाक्लोरोबायफिनाइल घातले आणि शेवटी 82 मोजले, तर प्राप्ती 82 टक्के.

मसुदाकार :
मग 'सरोगेट' आणि 'इंटर्नल स्टँडर्ड' या दोन्हींना 'मानक' म्हणता येईल?

काटेतोल :
तिथेच घोटाळा होतो. सरोगेट म्हणजे 'प्रतिनिधी', वरच्या डेकाक्लोरोबायफिनाइलसारखा; तो निष्कर्षणाआधी, मातीत घालायचा. 'अंतर्गत मानक' अगदी शेवटी, अर्क सुईने यंत्रात सोडण्याआधी, तयार अर्कात. दोन्हींना 'मानक' म्हटले आणि प्रतिनिधी चुकून अर्कात पडला, तर प्राप्ती 100 च्या आसपास दिसते आणि आधीची सगळी गळती झाकली जाते.

प्रतिनिधीही सगळ्यांच्या वतीने बोलत नाही. डेकाक्लोरोबायफिनाइल आम्लाला दाद देत नाही. त्याची प्राप्ती 95 टक्के असताना डायएल्ड्रिन पुरते गेलेले असू शकते. नायट्रोजनच्या झोताखाली अर्क कोरडा पडला तर हेक्झाक्लोरोबेंझीन उडते, डेकाक्लोरोबायफिनाइल मागे राहते.

मसुदाकार :
सगळे बदलतो. शेवटचे एक : 'नॉट डिटेक्टेड'ला 'निरंक' लिहिले आहे.

सॉक्सलेट :
ते आधी काढा. निरंक म्हणजे काहीच नाही, आणि ते कोणतेही उपकरण सांगू शकत नाही. गोंगाटाच्या (आलेखावरच्या पार्श्वभूमीच्या चढउतारांच्या) 3 पट संकेत ही शोधमर्यादा, 10 पट ही परिमाणन मर्यादा, म्हणजे जिथून आकडा देता येतो ती. समजा अंशांकनाचे सर्वांत खालचे मानक 10 नॅनोग्रॅम प्रति मिली आहे आणि 10 ग्रॅम मातीचा अर्क 1 मिलीवर आणला. अहवालातली मर्यादा झाली 1 मायक्रोग्रॅम प्रति किलो. मातीत 20 टक्के ओलावा असेल तर कोरडी माती 8 ग्रॅमच, म्हणजे मर्यादा 1.25. रकान्यात '1.25 पेक्षा कमी, कोरड्या वजनावर' असे लिहा.