नूरुद्दीन साईल : समीक्षकाने सरकारी खुर्ची घ्यावी का?

अनवट (धागाकर्ता)
मोरोक्कोचे पत्रकार आणि सिनेसमीक्षक नूरुद्दीन साईल डिसेंबर २०२० मध्ये कोविडने गेले. जन्म १९४७, तँजियरचा. पेशाने तत्त्वज्ञानाचे शिक्षक. १९७३ साली त्यांनी देशभरच्या फिल्म क्लबांचा महासंघ उभा केला. १९७७ मध्ये खुरिब्गाला, म्हणजे फॉस्फेटच्या खाणींच्या गावात, आफ्रिकी सिनेमाचा महोत्सव सुरू केला. राजा हसन दुसरा याच्या दडपशाहीचा तो काळ. सिनेमा संपल्यावर अंधाऱ्या हॉलमध्ये मोकळं बोलता येणं ही तेव्हा केवढी गोष्ट असेल!

आणि हाच माणूस २००३ ते २०१४ सरकारी सिनेमा केंद्राचा प्रमुख! चित्रपटाला पैसा तिथूनच, प्रदर्शनाचा परवानाही तिथूनच. माझं स्पष्ट मत : ही खुर्ची त्यांनी घ्यायला नको होती. परवाना देणाऱ्याने समीक्षा कोणत्या तोंडाने करायची?

रेवा_क
साफ असहमत. २००५ चा 'मारॉक' आठवा. कासाब्लांकातली मुस्लिम मुलगी आणि ज्यू मुलगा यांचं प्रेम. बंदीसाठी इस्लामवाद्यांनी रान उठवलं, तरी चित्रपट मोरोक्कोच्या थिएटरांत लागला. त्या खुर्चीत कुणी भित्रा बाबू असता तर? शिवाय त्यांच्या काळात वर्षाला जेमतेम दहाच्या आत असलेले चित्रपट वीसच्या घरात गेले.

अनवट
आणि थिएटरं? ऐंशीच्या दशकात अडीचशेच्या आसपास होती, त्यांच्या शेवटच्या वर्षांत काही डझन उरली. चित्रपट बनवायचे आणि दाखवायला पडदा नाही. आपल्याकडे अनुदान घेतलेल्या मराठी चित्रपटाला शो मिळत नाही, तेच दुखणं.

खाणवाला
ते पाप एकट्या साईलांच्या माथी मारू नका. व्हिडिओ आला, डिश आली, कासाब्लांकाच्या दर्ब घल्लेफ बाजारात चोरीच्या डीव्हीडींचे ढीग लागले. कुठला संचालक पुरा पडणार होता?

जुना_सभासद
आमच्या तालुक्याच्या गावी फिल्म सोसायटी होती. सोळा मिमीचं एकच प्रोजेक्टर. रीळ बदलताना दिवे लागायचे आणि तेवढ्या दोन मिनिटांत भांडण जुंपायचं. बँकेतले कारकून, शिंपी, कॉलेजची पोरं, सगळे तावातावाने बोलायचे. सोसायटी बंद पडली, मग मी त्या माणसांशी सिनेमावर कधी बोललोच नाही. म्हणून माझ्या लेखी साईलांचं मोठं काम १९७३ चं. खुर्ची नंतरची.

रेवा_क
पटलं, पण अर्धंच. तुमच्या सोसायटीला कुणी सरकारी खुर्चीतून हात दिला असता तर ती टिकली असती. खुरिब्ग्याचा महोत्सव त्यांच्या हयातीत चाळीस वर्षं ओलांडून गेला. तिथल्या सर्वोच्च पुरस्काराला सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांचं नाव आहे.

अनवट
महोत्सवाबद्दल वादच नाही. पण तो त्यांनी खुर्चीत बसायच्या सव्वीस वर्षं आधी उभा केला होता.