जुन्या लॅपटॉपवर परत रेघा

बी-302: नमस्कार मंडळी. लॅपटॉपच्या स्क्रीनवर पुन्हा रंगीत रेघा यायला लागल्यात. विंडोज नव्याने टाकून झालं, ड्रायव्हर टाकून झाला. थोडे दिवस बरा चालतो, मग परत तेच. लेकीचा प्रोजेक्ट त्यातच आहे.

ए-104: विकून टाका काका. जुन्यावर किती खर्च करणार?

सी-201: काका, घाई नको. आधी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर काढून घ्या, आत्ताच. मग रेघा दिसत असतानाच स्क्रीनशॉट काढून इथे टाका.

बी-302: टाकला. अरे, मोबाईलवर तर स्वच्छ दिसतोय!

सी-201: बरं झालं. स्क्रीनशॉट पडद्याचा फोटो नसतो, तो आतल्या मेमरीतून निघतो. म्हणजे चित्र तयार होतंय ते ठीक, बिघाड बहुतेक त्याच्या पुढे आहे. आता झाकण हळूहळू मागेपुढे करून बघा.

बी-302: अर्ध्यावर आणलं की रेघा गायब. मागे नेलं की हजर!

सी-201: मग बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल. उघडझाप करून करून ती झिजते. तरी एचडीएमआयने टीव्हीला जोडून खात्री करा.

डी-403: ताई, माझा वेगळाच प्रकार. व्हिडिओ लावला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग ड्रायव्हर बंद पडून सावरल्याचा मेसेज.

सी-201: दादा, चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपने साधारण 2 सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, रीसेट करतं, तेच हे. बूड तापतं का? पंख्यातली धूळ काढून घ्या, चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून, तुमच्याच मॉडेलचा घ्या. विंडोज अपडेट कधीकधी आपल्या मनाने दुसरा बसवतं, मग दुखणं परत येतं.

ए-104: चिप गरम करून दुरुस्त करतात म्हणे?

सी-201: त्या वाटेला जाऊ नका. गरम-गार होऊन चिपखालचे बारीक जोड तडकतात, शेकल्यावर तात्पुरते चिकटतात, इतकंच. मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. 2008 मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या अशा सदोष चिपांसाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद केली होती.

बी-302: ताई, टीव्हीवर एकही रेघ नाही. झाकण कसंही फिरवलं तरी.

सी-201: मग दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदला म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. केबल आणि तिचा कनेक्टर तपासा, असंच सांगा. आणि तुमची स्क्रीन टचची आहे का तेही सांगा, एकाच मॉडेलमध्ये दोन्हींच्या केबल वेगळ्या असू शकतात.