प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर सात महिन्यांनी लघवीची धार बारीक झाली, कुणाला अनुभव आहे का?

केळीवाला_चोपडा
नमस्कार मंडळी. आमचे आप्पा, वय ६७, प्रोस्टेटचा कॅन्सर होता, सात महिन्यांपूर्वी मुंबईला ऑपरेशन करून पूर्ण ग्रंथी काढली. लघवीसाठी घातलेली नळी दहा दिवस होती, ती काढल्यावर खोकला आला, केळीचा घड उचलला की कपडे ओले, दिवसाला चार पाच पॅड लागायचे. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, व्यायाम दिलेला, हळूहळू एका पॅडवर आले आणि आम्ही खुश. पण आता तीन आठवड्यांपासून उलटंच होऊन राहिलं, धार दोऱ्यासारखी, रात्री सहा वेळा उठतात, बाथरूममध्ये नळ चालू करून पाच पाच मिनिटं उभे, आणि बाहेर आले की परत थेंब थेंब. पारोळ्याला भाचीचं लग्न होतं तर एसटीत लागेल म्हणून सकाळपासून पाणीच घेतलं नाही, तेही ४४ डिग्रीत. मागच्या महिन्यातला पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरसाठी करतात ती रक्ताची तपासणी) ०.०२ आहे. कॅन्सर परत आला असेल का? शेजारचे काका प्रोस्टेटची गोळी घ्या म्हणताय.

भुसावळकर_७१
भो, ग्रंथीच काढून टाकली तर प्रोस्टेटची गोळी काम कशावर करणार 😄 काकांना नमस्कार सांगा. माझं ऑपरेशन नाही, रेडिएशन झालेलं, त्यामुळे माझं गणित वेगळं. मला आग व्हायची आणि लागली की दम निघायचा नाही, ते कमी झालं, आणि दीड वर्षाने एक दिवस लघवी लाल. रेडिएशनचा त्रास असा उशिरानेही येतो हे तेव्हा कळलं. पण पाणी तोडू नका, घट्ट लघवीने पिशवी जास्त चिडते. मी फक्त संध्याकाळी सातनंतर कमी पितो आणि चहा दोनच कप, तो सोडणं पाणी सोडण्यापेक्षा अवघड गेलं.

अमळनेर_पोरगा
गोखरूचा काढा द्या, मूतखड्यावर पण घेतात लोक.

सिस्टर_ताई_धुळे
काढा नको दादा, आधी अडथळा कुठे आहे ते बघू द्या. मी युरोलॉजी वॉर्डात होते. ऑपरेशनमध्ये मूत्राशय आणि मूत्रनळी परत जोडतात, त्या जोडावर कधीकधी व्रण भरताना आवळतो, आणि हे बहुतेक पहिल्या वर्षातच दिसतं. एक पॅडवर आले ते व्यायामानेही असेल, पण धार बारीक होत असेल तर गळती कमी होण्यावर खुश होऊ नका, पिशवीचं तोंड बंद होत चाललंय असंही असतं. मग पिशवी भरून वरून सांडते, तेच हे थेंब. लघवीची तपासणी आणि कल्चर करा (इन्फेक्शन असू शकतं), लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी, आत किती उरतं ते मोजतात. धारेचा वेग मोजायचं मशीन पण असतं. व्यायाम करताना जोर खाली लावत असतील तर चुकतंय, गॅस अडवल्यासारखं आत ओढायचं. आणि एकदम बंद झाली, पोट फुगलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना. पीएसए ०.०२ वर कॅन्सर परत आला म्हणायचं कारण दिसत नाही, पण ते डॉक्टरच सांगतील.

नाना_रावेर
ताई बरोबर. माझं आठव्या महिन्यात असंच झालं, दुर्बिणीतून आवळलेला भाग कापला, दोन दिवस नळी, बस. थोडी गळती वाढली नंतर, सहा महिने पॅड, खोटं कशाला बोलू. पण रात्रीची झोप आली. काळजी करू नको भाऊ, बठ्ठं बरं व्हई.

केळीवाला_चोपडा
काल जळगावला नेलं. लघवी झाल्यावरही २१० मिली आत होती. कल्चर पाठवलंय, ते नीट आलं की पुढच्या आठवड्यात दुर्बीण. डॉक्टरांनी विचारलं किती दिवसांपासून, मी म्हटलं तीन आठवडे, तर आप्पा मान खाली घालून म्हणे दोन महिने. आम्हाला वाटायचं नळाच्या आवाजाने लघवी येते म्हणून नळ सोडतात. तो आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून होता.