कांद्याची बातमी नेमकी कुणासाठी असते?

निफाडवाला: मुंबईच्या वाहिन्यांवर कांदा दोनदाच दिसतो. महागला की, नाहीतर शेतकऱ्याने रस्त्यावर ओतला की. लासलगावला लिलावात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव निघतात. टीव्हीच्या पट्टीवर फिरतो तो कमाल. तो एखाद्या ट्रॅक्टरला मिळालेला असतो, एकसारख्या मालाला. बाकी सगळे सरासरीला जातात, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, त्याच्याही खाली. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी झाली, इथे भाव कोसळले, आणि तिकडे चर्चा काय, तर गृहिणींचं बजेट.

सिडकोकर: दादा, मीही नाशिकचाच, पण माझ्याकडे कांदा साठवायची चाळ नाही. कांदा विकत घेणारे जास्त, म्हणून बातमी त्यांच्यासाठी. 1998 मध्ये दिल्लीत कांद्याने सरकार घालवलं असं आजही बोलतात, मग वाहिन्या दुर्लक्ष कसं करतील? आणि तुमच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर कमाल भाव फिरवून 'थांबा, अजून चढेल' सांगणारे कोण असतात?

पेठरोड: ग्रुपचं खरं आहे, आमच्याकडेही तेच. पण मला आठवतो तो शेतकऱ्यांचा मुंबईपर्यंतचा लाँग मार्च. 6 मार्च 2018 ला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. पहिले दिवस स्थानिक पेपर सोडले तर फारसं कुणी फिरकलं नाही. मुंबई जवळ आली तसे कॅमेरे आले आणि सगळ्यांनी सोललेले तळपाय दाखवले. त्यात सुरगाणा, पेठची आदिवासी माणसं किती होती! मागणी होती कसत असलेली वनजमीन नावावर करा, म्हणजे 2006 च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी. टीव्हीवर सगळा रोख कर्जमाफीवर. पाय दिसले, सातबारा नाही दिसला.

सिडकोकर: त्या पायांमुळेच मुंबईकर पाणी-बिस्किटं घेऊन रस्त्यावर उतरले. दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून मोर्चा रात्रीतून आझाद मैदानावर पोचला, तेही वाहिन्यांनीच सांगितलं. 12 मार्चला सरकारने मागण्यांवर लेखी आश्वासन दिलं. नुसत्या वनहक्काच्या कलमांवर तासभर चर्चा ठेवली असती तर बघितली असती का तुम्ही? खरं सांगा.

पेठरोड: बघितली नसती. पण लेखी दिलं त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला परत कोण आलं? आमची माणसं 2023 ला पुन्हा चालत निघाली ती हौस म्हणून नाही.

निफाडवाला: 2024 च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, तेव्हा निकालाच्या दिवशी सगळ्या स्टुडिओंना एकदम कांदा आठवला. वर्षभर कुठे होते?

सिडकोकर: आणि 'कांद्याने पाडलं' हे तुम्ही कुठून उचललंत? त्याच स्टुडिओतून ना! आरक्षण, संविधान, फुटलेले पक्ष, यातलं काहीच नव्हतं? नाशिक मतदारसंघातही सत्ताधाऱ्यांचा उमेदवार पडला. शहरातल्या कॉलेज रोडवर कोण कांदा लावतो?

निफाडवाला: कांदा लावणारं सिन्नर नाशिक मतदारसंघातच येतं, साहेब.